मुद्दाम

त्या मंगळवारी रात्री पावणेनऊला माझ्या मोबाइलचा गजर वाजला तेव्हा मी बेडरूमचं दार लोटून ऑनलाइन मिटिंगला बसलो होतो. उपवासकाळाचा पहिलाच आठवडा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते, आणि यंदा त्या घरांची यादी लावायचं काम माझ्याकडे आलंय. ढोकाळीला कोणत्या गुरुवारी, कळव्याच्या आजींच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही तर पेटी वर कोण नेणार, वर्तकनगरच्या घरी बाळंतीण आहे तर त्यांना पुढची तारीख द्यावी का, असं सगळं चाललेलं. गजर मी स्क्रीनकडे न बघताच अंगठ्यानं बंद केला. बाहेर आईनं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. उठून दारातून डोकावलो आणि हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. आई सोफ्याच्या कडेला बसली होती, मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, आणि तिनं पदर डोक्यावर घेतलेला होता.

मिटिंग संपायला साडेनऊ झाले. बाहेर आलो तर दिवा मंद केलेला, आई आत जाऊन झोपलेली. टीपॉयवर शास्त्र मिटून ठेवलं होतं आणि त्यावर तिचा चष्मा, काड्या नीट दुमडून. बायको ओटा पुसत होती. मी विचारलं, "आई झोपली?" ती म्हणाली, "नऊ वाजून गेले तरी बसून होत्या, पदर तसाच. मग म्हणाल्या, त्याचं मंडळीचं काम चाललंय, चालू दे. आणि गेल्या." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आईच्याही बोलण्यात नसणार. देवाच्याच कामात असलेल्या मुलाबद्दल आई काय तक्रार करणार?

तिनं पदर खाली घेतला, एवढंच झालं.

तो गजर नाताळाच्या सुट्टीत लावला होता. आमच्या घरात माणसं चार आणि जेवणाच्या वेळाही चार. मुलगा नववीत, क्लासहून साडेआठला येतो. बायको बँकेतून निघून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कधी साडेसातला पोचते तर कधी आठला. आई सात वाजता भाकरी खाऊन मोकळी होते. मी सगळ्यात शेवटी. एकत्र प्रार्थना शेवटची कधी झाली हे आठवायचा प्रयत्न केला तर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वर्षश्राद्धाची, म्हणजे आम्ही जिला स्मरणप्रार्थना म्हणतो तिची, आठवण निघाली. पाच वर्षं झाली होती. म्हणून पावणेनऊ ठरवले. गीताचं एक कडवं, शास्त्रातला एखादा उतारा, आळीपाळीनं कुणीतरी प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बारा मिनिटं. गजराचं ऐकून बायकोला ते पटलं नव्हतं. "प्रार्थनेला गजर? आतून यायला हवं ना ते?" तेव्हा आईच म्हणाली, "लावू दे गं. मुद्दाम केल्याशिवाय काही होत नाही."

हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. लहानपणी 'मुद्दाम' म्हणजे गुन्हाच. काचेचा ग्लास फुटला की पहिला प्रश्न, "मुद्दाम पाडलास ना?" चुकून झालं असेल तर माफी, मुद्दाम केलं असेल तर धपाटा. पण हाच शब्द पाहुण्यांच्या तोंडी आला की त्याचं सोनं व्हायचं. नगरहून आत्या यायची, हातात पिशवी, पायावर धूळ, आणि उंबऱ्यातच म्हणायची, "काही काम नव्हतं, मुद्दाम तुम्हाला बघायला आले." आईचा चेहरा असा काही फुलायचा! "इकडं आलो होतो, म्हटलं डोकवावं" असं म्हणणाऱ्याला आमच्याकडं चहा मिळायचा. मुद्दाम आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. त्या एका शब्दात प्रवासाचं भाडं, बुडालेला रोज, एसटीत उभं राहून आलेले पाय, सगळं येतं. प्रेम आपोआप होतं आणि आपोआप झालं तरच ते खरं, असं कुठून तरी आपल्या मनात भरलंय. आईच्या पिढीला तसं वाटत नव्हतं. माणूस मुद्दाम आला, यातच तिला प्रेम दिसायचं.

उथळसरच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, पहिली पाळी असली की संध्याकाळी घरी. आठ वाजले की मोरीजवळ पाय धुऊन, बनियनवर स्वच्छ सदरा चढवून चटईवर बसायचे. सदरा प्रार्थनेसाठी. जेवताना परत काढून ठेवायचे. आई, ताई आणि मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर. शहाबादी फरशी गुडघ्यांना लागायची, थंडीत तर फारच. चुलीवर म्हणजे स्टोव्हवर आमटीचं भांडं झाकलेलं, तिची फोडणी अजून हवेत. शेजारच्या वहिनींचा रेडिओ भिंतीपलीकडं वाजत असायचा आणि अण्णांचं "हे आमच्या स्वर्गीय पित्या" सुरू झालं की तो आपोआप हळू व्हायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. गणपतीत त्यांची आरती सुरू झाली की आई आमची प्रार्थना दहा मिनिटं पुढं ढकलायची, तेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे आठवून गळा भरून येतो खरा, पण त्या प्रार्थनांचा मला तेव्हा रागच होता हेही तितकंच खरं. अण्णांची प्रार्थना लांबायची. भात गार व्हायचा. आणि त्यांना जे आम्हाला तोंडावर बोलता यायचं नाही ते ते देवाला सांगायचे. "हे प्रभू, या घरात ज्यांना गणितात कमी गुण मिळालेत त्यांना खरं बोलायची बुद्धी दे." डोळे मिटलेले असूनही माझे कान तापायचे. एकदा आईला उद्देशून काहीतरी आलं, शेजारणीशी जास्त बोलण्यावरून, आणि आईनं प्रार्थना संपायच्या आत उठून स्टोव्ह पेटवला. पंपाचा तो खसखस आवाज मला अजून ऐकू येतो. देवाकडं तोंड करून माणसाला मारता येतं, हे मी त्या खोलीत शिकलो.

आणि आणखी एक गोष्ट शिकलो, ती मात्र फार उशिरा कळली. अण्णांच्या प्रार्थनेत शेवटी नावं यायची. आजारी माणसं, परीक्षेची पोरं, पाळकसाहेब, गावाकडचे. त्यात रोज, न चुकता, काकांचं नाव. "माझ्या धाकट्या भावाला आशीर्वाद दे, त्याचं मन मऊ कर." काका आणि अण्णा बोलत नव्हते. गावच्या घराच्या भिंतीवरून काहीतरी झालं होतं, आम्हाला नीट कधी सांगितलं नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं म्हटलंय, तुमच्या रागावर सूर्य मावळू देऊ नका. अण्णांना तो अध्याय तोंडपाठ होता. ठाण्याहून नगर म्हणजे एसटीची एक रात्र. तेवीस वर्षं त्यांनी काकांसाठी रोज प्रार्थना केली आणि तेवीस वर्षांत एकदाही गेले नाहीत. गेले ते मातीलाच. परत आले आणि त्या रात्री नावांच्या यादीत काकांच्या जागी थांबले. बराच वेळ थांबले. मग पुढचं नाव घेतलं.

रविवारी संध्याकाळी कधी अण्णा आम्हाला तलावपाळीवर न्यायचे. सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च कॅथलिकांचं, आम्ही प्रोटेस्टंट, पण त्याच्यासमोर उभं राहून ते एक गोष्ट आपल्याच घरातली असल्यासारखी सांगायचे. १३२१ साली, एप्रिल महिन्यात, या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू विश्वासासाठी मारले गेले. मला वाटायचं, केवढी मोठी माणसं, केवढा मोठा प्रसंग. पुष्कळ वर्षांनी त्याच पंथाच्या ओडोरिक नावाच्या प्रवासी धर्मबंधूचं प्रवासवर्णन हाती आलं. त्यानं नंतर ठाण्यात येऊन त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि पार चीनपर्यंत नेल्या. त्यात जे वाचलं ते अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांना माहीतही नसेल. हे धर्मबंधू ठाण्यात एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला मारलं, सकाळी ती काझीकडं गेली. साक्षीदार कोण? घरी उतरलेले पाहुणे. तिथून ते पुढं आले, श्रद्धेवर वाद झाला आणि शेवट हौतात्म्यात. त्या घरातही संध्याकाळची प्रार्थना होत असणार. पाहुणे तर प्रार्थनेचीच माणसं. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या रात्री प्रार्थना मारहाणीच्या आधी झाली की नंतर, हा प्रश्न मला त्या चौघांच्या मरणाइतकाच छळतो. त्या बाईची आठवण गोष्ट सांगताना कुणी काढत नाही.

आमच्या पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आईनं त्यांच्या नावानं अंघोळ केली, असं घरात सांगतात. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून ताटातूट झाली, ती कहाणी तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या पिढीला श्रद्धा हवी तर घर सोडावं लागलं, आणि मग घर परत मिळवायला आयुष्य खर्चावं लागलं. दोन्हींची किंमत मोजलेली माणसं ती. मला दोन्ही आयतं मिळालं. बाप्तिस्मा तीन महिन्यांचा असताना, ताई जन्माच्या आधीपासून घरात. जे आयतं मिळतं ते कुठं जात नाही, अशी माझी समजूत होती.

मंडळीच्या कामात मी गेली आठ वर्षं आहे. काम आवडतं, मनापासून करतो, आणि ते करताना माझ्यातला चांगला माणूस बाहेर येतो हेही खरं. लोकांच्या घरी जातो, आजाऱ्यांजवळ बसतो, दुसऱ्याच्या आईचा हात हातात घेऊन प्रार्थना करतो. त्या मंगळवारनंतर दोन दिवसांनी मार्काच्या सातव्या अध्यायाशी येऊन थांबलो. येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मनिष्ठांना, विचारतो, आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला अर्पण केलं आहे, असं म्हणून तुम्ही आईबापांसाठी काही करायचंच सोडून देता, हे काय? हा उतारा मी दोनदा तरी घरप्रार्थनेत समजावून सांगितला असेल. दोन्ही वेळा पैशांबद्दल बोललो. संध्याकाळींबद्दल बोललो नाही. माझ्या घरची पावणेनऊची वेळ मी देवालाच अर्पण केली होती, आणि आई डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून मिटिंगची वेळ बदलून घेतली. दहा मिनिटांत झालं, कुणाची काही हरकत नव्हती. आठ वर्षांत मी विचारलंच नव्हतं. एवढं झाल्यावर खरं तर मन शांत व्हायला हवं होतं.

शनिवारी आईच्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून तिनं शास्त्र माझ्याकडं दिलं, "जरा योहान वाचून दाखव." तिचं ते जाड शास्त्र मी कितीतरी दिवसांनी हातात घेतलं. पाठीला निळी चिकटपट्टी. आत झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी, क्रुसासारखी विणलेली, स्तोत्रांच्या मध्ये. परळच्या दवाखान्याला जाता-येतानाची बसची तिकिटं, अण्णांच्या शेवटच्या महिन्यांतली. पहिल्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात घराची नोंद आहे: लग्न, जन्म, बाप्तिस्मे, मरणं. वरची शाई फिकट तपकिरी, खाली खाली निळी बॉलपेन. ताईचा जन्म. माझा. ताईचं लग्न. नातवंडं. अण्णांची तारीख. आणि सर्वांत खाली, ओळ थोडी तिरकी गेलेली, ताईच्या धाकट्याचं नाव आणि पुढं 'दृढीकरण', गेल्या नोव्हेंबरची तारीख.

मला माहीतच नव्हतं.

नोव्हेंबरात आई पंधरा दिवस ताईकडं होती. तिला मी ठाणे स्टेशनवर सोडलं, तिथं दाजी घ्यायला आले, आम्ही दोघांनी सलाम केला, गाडी आली. भाचा पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या मेजाशी गुडघे टेकणार होता आणि मला त्याची खबर नव्हती. विचारलं असतं तर आईनं सांगितलं असतं. ती आपण होऊन बोलली नाही, कारण चार वर्षांत ताईचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

झालं ते असं. अण्णा गेल्यावर चाळीतली खोली विकायची ठरली. कागद माझ्या नावावर, मी विकली, नंतर ताईला सांगितलं. तिचा फोन आला, "पैशाचं नाही रे, पण मला एकदा विचारायचंस. शेवटचं बघून घेतलं असतं." मी दमलेलो होतो, घाबरलेलोही होतो, आणि मी म्हणालो, "सरळ सांग ना, हिस्सा हवाय." पलीकडं काही क्षण काहीच आवाज नाही. मग तिनं हळूच फोन ठेवला. तेव्हापासून लग्नात भेटलो की सलाम, नाताळाला एक मेसेज. आणि माझ्या प्रार्थनेत रोज तिचं नाव. "ताईला आणि तिच्या घराला आशीर्वाद दे, तिचं मन मऊ कर." हे शब्द कुणाचे आहेत ते शास्त्राचं ते पान हातात धरून बसलो होतो तेव्हा कळलं. नाव देवाच्या हवाली केलं की आपण मोकळे. अण्णा तेवीस वर्षं असेच मोकळे होत राहिले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात उलटंच सांगितलंय: वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा. प्रार्थना अर्धी टाकून जा, असंच म्हटलंय ते. आणि मन मऊ व्हायला हवं होतं ते कुणाचं?

सोमवारी ऑफिसातून लवकर निघालो. आईला फक्त सांगितलं की ताईकडं जातोय. ती काही बोलली नाही, आत गेली आणि स्टीलच्या डब्यात हुलग्याचं पीठ घेऊन आली, नगरहून आलेलं. "तिला शेंगोळे आवडतात. तिकडं असं मिळत नाही." डबा दोनदा पुसला. ठाण्याला दहा नंबरवरून गाडी पकडली. डबा मांडीवर. खिडकीतून पारसिकचा डोंगर, खाली झोपड्यांमधले दिवे लागलेले. ऐरोलीच्या आधी गाडी थांबली आणि मी गडबडलो, चुकीची गाडी तर नाही ना पकडली. फलकावर दिघा गाव. हे स्टेशन मी शेवटचा इथून गेलो तेव्हा नव्हतं. पेपरात वाचलं होतं ते सुरू झाल्याचं, पण माझ्या आणि बहिणीच्या मधल्या रस्त्यावर एक अख्खं स्टेशन उभं राहिलंय असं तेव्हा मनात आलं नव्हतं. कोपरखैरणे पुढं वीस मिनिटांच्या आत. वीस मिनिटं. अण्णांना निदान एसटीची एक रात्र तरी होती.

दार ताईनंच उघडलं. केस पुढं बरेच पांढरे झालेत तिचे. ती माझ्याकडं बघत राहिली, मग डब्याकडं. "इकडं कुठं रे? काही काम होतं?" वाटेत सगळं मनात जुळवून आणलं होतं, तरी "हो, वाशीला" हे शब्द जिभेवर आलेच. ते किती सोपं होतं! चहा झाला असता, दोघंही सुटलो असतो. मी म्हटलं, "नाही. मुद्दाम आलो." तिनं दाराची कडी हातातून सोडली.

सगळं बोलणं झालं असं नाही. मी चुकलो, तसं बोलायला नको होतं, हे म्हणालो. ती म्हणाली, "चार वर्षं लागली तुला?" आणि उठून पीठ परातीत काढलं. पीठ मळता मळता तिनं खोलीबद्दल विचारलं, भिंतीवरची आमच्या उंचीच्या खुणांची रेघ कुणी पुसली का. मला सांगता आलं नाही. नव्या मालकानं रंग दिला असणार. ती बराच वेळ बोटांनी शेंगोळे वळत राहिली, एकामागून एक, ताटाच्या कडेनं मांडत. राग होता तिच्या पाठीत, दिसत होता. भाचा क्लासहून आला, मला बघून दारातच थबकला, मग "सलाम मामा" म्हणाला. त्याला मिसरूड फुटलंय. मी त्याच्या दृढीकरणाबद्दल विचारलं, तर तो आईकडं बघायला लागला, सांगू का अशा नजरेनं.

पावणेनऊला खिशात गजर वाजला. ताईनं हात पिठात तसेच धरून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. तिनं नळाखाली हात धुतले, पुसले, गॅस बारीक केला. भाच्याला म्हणाली, "आजीला फोन लाव, स्पीकरवर ठेव." पलीकडं पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. टीव्ही बंद होता तिकडं. कुणीच काही बोललं नाही. ताईनं ओढणी डोक्यावर घेतली, डोळे मिटले आणि थांबली. स्वयंपाकघरात उकळी फुटलेल्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी तोंड उघडलं, "हे पित्या" एवढं म्हणालो, आणि पुढं रोजचे शब्द येईनात.

"सावकाश," फोनमधून आई म्हणाली.